जादोव्हिलचा वेढा : पडद्यावरचा आणि पडद्याबाहेरचा



वेढा हा शब्द महाराष्ट्राला शिकवावा लागत नाही. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता, आणि १६६० च्या जुलैमधल्या एका पावसाळी रात्री महाराज तेथून कसे निसटले, हे आपल्याकडच्या चौथीतल्या पोरालाही ठाऊक असते. शाहिराने डफावर थाप मारली आणि बाजीप्रभूंचे नाव घेतले, की पारावर बसलेला म्हातारा सावरून बसतो. ह्या गोष्टी ऐकून ऐकून आपल्या कानाला एक सवय लागून गेली आहे. वेढ्याच्या गोष्टीचे शेवट दोनच. एक तर वेढा फोडून वीर बाहेर पडतो, नाही तर लढता लढता देह ठेवतो. तिसरा शेवट आपल्या कानाला मानवत नाही. दारूगोळा संपला, पाणी संपले, वीरांनी शस्त्रे खाली ठेवली आणि सगळेच्या सगळे जिवंत घरी परतले, असे कोणी सांगू लागला तर ऐकणारा विचारील, 'मग ह्यात गोष्ट कुठे आहे?'

ह्या तिसऱ्या शेवटाची एक खरी हकीकत आहे, आणि तिच्यावर २०१६ साली एक इंग्रजी चित्रपटही निघाला. त्याचे नाव 'द सीज ऑफ जादोव्हिल', म्हणजे जादोव्हिलचा वेढा. वेढ्यात सापडलेले सैनिक आयर्लंडचे होते, जागा आफ्रिकेतली होती. पण त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या तुकडीत हिंदी जवानही होते. शिवाय हे सैनिक मुलूख जिंकायला गेलेले नव्हते. ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे सैनिक होते. शांतता राखायला गेलेल्या माणसांनाच वेढा पडावा, हा प्रकार काय, आणि चित्रपटाने तो कितपत खरा सांगितला, हे आज पाहावयाचे आहे.

आधी भूगोल. आफ्रिकेच्या मध्यभागी काँगो नावाचा अवाढव्य देश आहे. तो बेल्जमच्या ताब्यात होता. ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच दक्षिणेकडचा कटांगा प्रांत ११ जुलैला फुटून निघाला. कटांगा म्हणजे त्या देशाची तिजोरीच. तांबे तेथे, कोबाल्ट तेथे, आणि हिरोशिमावर पडलेल्या बाँबसाठी वापरलेले बरेचसे युरेनियमही जादोव्हिलजवळच्याच खाणीतले. ह्या खाणी बेल्जियन कंपनीच्या हाती होत्या, आणि फुटून निघालेल्या चोम्बे नावाच्या पुढाऱ्याला त्या कंपनीचा आधार होता. देशाचे पहिले पंतप्रधान लुमुंबा ह्यांना पकडून कटांगात नेण्यात आले आणि जानेवारी १९६१ मध्ये तेथे त्यांचा खून झाला. त्यानंतर फेब्रुवारीत सुरक्षा समितीने यादवी टाळण्यासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून बळ वापरण्याची मुभा शांतिसेनेला दिली. भारताने त्या वसंतात एक पुरी ब्रिगेड धाडली. तिचे प्रमुख ब्रिगेडियर राजा हेच कटांगातील राष्ट्रसंघाच्या फौजांची सूत्रे हलवीत होते.

आता जादोव्हिलची मूळ अडचण. त्या गावातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जिवाला धोका आहे, त्यांना संरक्षण द्या, अशी मागणी बेल्जमकडून आली, म्हणून सप्टेंबर १९६१ च्या आरंभी आयरिश पलटणीची एक कंपनी तेथे पाठवण्यात आली. माणसे दीडशेच्या थोडी वर. पोरेच म्हणायची, कित्येकांनी तोवर आपला देशही सोडलेला नव्हता. पण गावात जाऊन पाहतात तो कोणाला त्यांचे संरक्षण नकोच आहे! गोरे लोक कटांगाच्या बाजूचे, काळे लोकही बव्हंशी त्याच बाजूचे, आणि राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीकडे सगळेच वाकड्या नजरेने पाहणारे. कंपनीचा मुखिया कमांडंट पॅट क्विनलन. त्याने वारे ओळखले आणि शिपायांना पहिली आज्ञा केली ती खंदक खणण्याची. उन्हात खणताना पोरे कुरकुरली असतील. ह्या खंदकांनीच पुढे त्यांना वाचवले.

१३ सप्टेंबरच्या पहाटे तिकडे एलिझाबेथव्हिल शहरात, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीत, राष्ट्रसंघाच्या फौजांनी कटांगा सरकारच्या मोक्याच्या जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ह्या मोहिमेचे सांकेतिक नाव होते 'मोर्थोर'. हा हिंदी शब्द. गोऱ्यांच्या उच्चारात त्याचे असे रूप झाले आहे खरे, पण आपल्याला तो ओळखता येईल. आपली मराठी 'मोडतोड' त्याच घरातली. शांतिसेनेच्या मोहिमेला मोडतोडीचे नाव द्यावे, हा योगायोग मला तरी बोलका वाटतो.

मोडतोड शहरात सुरू झाली आणि तिचा राग सव्वाशे किलोमीटरवरच्या जादोव्हिलवर निघाला. त्याच सकाळी आयरिश सैनिक उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. ते बेसावध असतील अशा हिशेबाने कटांगाच्या फौजेने हल्ला चढवला. हल्लेखोरांत कटांगाचे शिपाई, आसपासच्या जमातींतील लढवय्ये, स्थानिक गोरे लोक आणि पगारी भाडोत्री सैनिक असे सगळे होते; त्यांचे नेतृत्व करणाऱ्यांत अल्जीरियाच्या लढाईत तयार झालेले फ्रेंच होते. त्यांची संख्या तीन हजारांपासून पाच हजारांपर्यंत सांगतात. आयरिशांजवळ हलकी हत्यारे, थोड्या मशीनगना, लहान तोफा. डोक्यावर शत्रूचे एक जेट विमान घिरट्या घालून बाँब टाकी, आणि त्याला पाडायला ह्यांच्याजवळ काही नव्हते.

पाच दिवस हे चालले. नळाचे पाणी तोडलेले. बाहेरून मदत आली ती एवढीच : एक हेलिकॉप्टर जिवावर उदार होऊन उतरले. त्यातून पाण्याचे डबे आले, आणि ते डबे आधी पेट्रोलचे असल्यामुळे पाणी तोंडात धरवेना. तहानलेल्या माणसापुढे पाणी ठेवावे आणि ते पिता येऊ नये, ह्याहून मोठी थट्टा कोणती? दुसरी एक गोष्ट आपल्या भाषाप्रेमी शिक्षकांना आवडेल. क्विनलन मुख्य ठाण्याशी बिनतारी यंत्रावर बोले तेव्हा पुष्कळदा आपल्या जुन्या आयरिश भाषेत बोले. ऐकणाऱ्या शत्रूला इंग्रजी कळे, फ्रेंच कळे. ही कुठून कळणार? इंग्रजांच्या राज्यात जी भाषा मरणपंथाला लागली होती, ती त्या दिवशी खंदकातून गुप्त भाषा म्हणून कामाला आली.

आणि सुटका? तिकडून मदतीची तुकडी निघाली होती. वाटेत लुफिरा नावाची नदी आहे, तिच्यावर पूल, आणि पुलाच्या पलीकडे शत्रू दबा धरून बसलेला. आयरिशांचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या वेळी आयरिशांबरोबर हिंदी फौजेतले गोरखेही होते. पूल काही ओलांडता आला नाही, आणि तेथे काही हिंदी जवान कामी आले. लक्षात घ्या, वेढ्यातल्या आयरिश कंपनीत एकही माणूस मेला नाही. जखमी झाले ते पाच. सुटकेला निघालेल्यांत मात्र माणसे पडली, आणि ती आपली होती.

अखेर गोळ्या संपल्या, पाणी संपले. बोलणी झाली, आणि १७ सप्टेंबरला क्विनलनने शस्त्रे खाली ठेवली. त्याच रात्री ह्याच भांडणात शस्त्रसंधी घडवून आणण्यासाठी निघालेले राष्ट्रसंघाचे सरचिटणीस हॅमरशोल्ड ह्यांचे विमान एन्डोला गावाजवळ कोसळले आणि ते गेले. जगाचे डोळे तिकडे वळले. जादोव्हिलचे कैदी महिनाभराहून अधिक काळ कटांगाच्या ताब्यात राहिले आणि ऑक्टोबर अखेर सुटले.

घरी परतल्यावर जे घडले तो ह्या हकीकतीतला सर्वांत कडू भाग आहे. आयरिश सैन्यात 'जादोव्हिल' हा शब्द शिवीसारखा झाला. ह्यांनी शरणागती पत्करली, असे टोमणे त्यांना पुढची कितीतरी वर्षे ऐकावे लागले. क्विनलनने आपल्या पुष्कळ शिपायांची पदकांसाठी शिफारस केली होती. एकालाही पदक मिळाले नाही. मेला असता तर पुतळा उभा राहिला असता. माणसे वाचवून आणली हा त्याचा गुन्हा ठरला. तो १९९७ साली वारला. त्यानंतर जुन्या शिपायांनी धरणे धरले, चौकशी झाली, त्यांच्या माथ्यावरचा डाग २००५ च्या सुमारास पुसला गेला. डेक्लन पॉवर ह्यांचे पुस्तक २००५ साली आले, त्यावरून चित्रपट २०१६ साली. त्याच साली आयरिश सरकारने सबंध कंपनीचा गौरव केला, आणि पदके मिळाली ती २०१७ साली. तोवर छप्पन वर्षे लोटली होती.

आपण आयर्लंडला हसू नये. आपल्याकडेही असे घडले आहे आणि त्याची आठवण आपण ठेवलेली नाही. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये कूत नावाच्या गावी इंग्रजांच्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला. तो पावणेपाच महिने चालला, आणि एप्रिल १९१६ मध्ये सुमारे तेरा हजारांनी शस्त्रे ठेवली. त्यांत १०३, ११० आणि ११७ ह्या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. देशावरची, कोकणातली शेतकऱ्यांची पोरे. घोड्याचे मांस खावे की उपाशी मरावे, हा प्रश्न त्या वेढ्यात हिंदी शिपायांपुढे उभा राहिला होता. शरण गेल्यानंतर वाळवंटातून त्यांना चालवीत नेले, आणि त्या वाटेवर व कैदेत कितीतरी मेले. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांत आजही चावडीच्या नाही तर शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी दिसते : ह्या गावातून महायुद्धावर इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर दोनच आकडे. कैदेत राहून जो हाडांचा सापळा होऊन परत आला, त्याला पाटीवर तिसरा रकाना नाही. त्यांचा पोवाडा माझ्या तरी कानी आलेला नाही.

म्हणून आयरिश चित्रपटाचे पहिले श्रेय हे, की शरणागतीची गोष्ट मान ताठ ठेवून सांगता येते हे त्याने दाखवले. ही सोपी गोष्ट नव्हे. युद्धपट काढणाऱ्याला शेवटी एक मोठे मरण हाताशी लागते; त्यावर प्रेक्षक रडतो आणि समाधानाने घरी जातो. रिची स्मिथ ह्या दिग्दर्शकाने खोटे मरण घातले नाही. कोणी मेला नाही, तर पडद्यावरही मेला नाही. ह्या प्रामाणिकपणाला दाद दिलीच पाहिजे. शिवाय चित्रपटात धूळ खरी वाटते, ऊन खरे वाटते. दक्षिण आफ्रिकेत चित्रण झाल्यामुळे माती तांबडी आहे. पोरांच्या ओठांवरच्या भेगा, संपत आलेल्या गोळ्यांचा हिशेब, एका घोटासाठीची तगमग, हे पाहताना आपलाही घसा कोरडा पडतो.

पण येथेच थोडे थांबावे लागते. धूळ खरी दिसली की माणूस बाकीचेही खरे मानतो. पडद्यावरच्या खऱ्यात आणि इतिहासातल्या खऱ्यात अंतर पडते ते येथे. चित्रकाराने झाडाचे पान पान हुबेहूब काढले म्हणजे ते झाड त्याच जागी होते असे सिद्ध होत नाही. शाहीर निदान फसवत नाही. तो डफ घेऊन उभा राहतो, त्याचा आवाज चढतो, आपल्याला कळते की आता हे गाणे आहे. त्यातला आकडा कोणी वहीत टिपून घेत नाही. बखरकार थोडा अधिक फसवतो. चित्रपट सर्वांत अधिक, कारण त्याचे गाणे गाण्यासारखे ऐकूच येत नाही.

उदाहरण घ्या. ह्या वेढ्यात शत्रूचे तीनशे मेले आणि हजार जखमी झाले, असे सर्वत्र सांगितले जाते. पण हा आकडा लढाईच्या धामधुमीत केलेल्या अंदाजाचा आहे. खंदकातून पाहणाऱ्याने पडलेली माणसे मोजली असतील काय? समोरच्यांनी आपले मेलेले मोजले असतील, पण तो हिशेब आपल्यापर्यंत पोचत नाही.

दुसरे उदाहरण ओब्रायन ह्यांचे. कॉनर क्रूझ ओब्रायन हे राष्ट्रसंघाचे कटांगातले प्रतिनिधी, स्वतः आयरिश, मोठे लेखक. चित्रपटात ते थंड डोक्याचे, महत्त्वाकांक्षी, सैनिकांना पटावरच्या प्याद्यांसारखे सरकवणारे असे दिसतात. गोष्टीला असा एक माणूस लागतोच. खंदकात साधी सरळ पोरे आणि कचेरीत धूर्त साहेब, ही मांडणी आपल्या तमाशातही चालते. पण खरा प्रकार गुंतागुंतीचा होता. मोर्थोरची आज्ञा नेमकी कोणी दिली, हॅमरशोल्डना ती आधी किती ठाऊक होती, ह्यावर जाणकारांचे वाद अजून मिटलेले नाहीत. ओब्रायन ह्यांनी १९६२ मध्येच आपली बाजू सविस्तर लिहून ठेवली होती. ते २००८ साली वारले. चित्रपटाला उत्तर द्यायला ते नव्हते. एका माणसाला खलनायक करून चित्रपटाने एका मोठ्या प्रश्नातून आपली सुटका करून घेतली, असे माझे मत आहे.

तो मोठा प्रश्न असा : जादोव्हिलच्या लोकांनी ह्या पोरांवर बंदुका का धरल्या?

चित्रपट खंदकात बसून पाहतो. वेढ्याची प्रत्येक गोष्ट अशीच सांगितली जाते; तटाच्या आतून. आपण पन्हाळ्याची गोष्ट आतून सांगतो, म्हणून सिद्दी जौहर आपल्याला केवळ 'वेढा घालणारा' म्हणून ठाऊक. पन्हाळ्याच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. तो आपला गड होता, आत आपला राजा होता. पण शांतिसेनेचे तसे नाही. शांतिसैनिक ज्या गावात जातो ते गाव त्याचे नसते, आणि तो तेथे जातो तो त्या गावासाठी. अशा माणसाच्या गोष्टीत तटाबाहेरची माणसे गाळली तर राहिले काय? ह्या चित्रपटात आफ्रिकी माणूस येतो तो बहुतेक धावत येतो आणि गोळी लागून पडतो. त्याला नाव नाही, घर नाही, रागाचे कारण नाही. खंदकातल्या पोरांना तो तसाच दिसला असेल, हे मान्य. पण आपल्याला सिनेमागृहात बसून तसाच का दिसावा? आणि लुफिराच्या पुलावरच्या गोरख्यांचेही तेच. वेढ्याच्या गोष्टीत मदतीला निघालेला माणूस म्हणजे पोचला नाही तो, इतकीच त्याची किंमत. पूल हा आयरिश गोष्टीतला एक अडथळा. आपल्या दृष्टीने पाहिले तर तो पूल हीच गोष्ट.

सेवाग्रामहून बोलताना ही बाब मनात आल्यावाचून राहत नाही. शांतिसेना हा शब्द आज न्यूयॉर्कच्या इमारतीतून येतो असे आपल्याला वाटते. पण तसा विचार ह्या मातीत आधी झाला होता. महात्माजी १९३६ साली ह्या गावी राहावयास आले, तेव्हा ह्याला शेगाव म्हणत; सेवाग्राम हे नाव १९४० चे. येथे असतानाच, १९३८ मध्ये, त्यांनी 'हरिजन' पत्रात शांतिदलाच्या माणसाला कोणते गुण हवेत ह्याचा विचार मांडला. अहिंसेवर जिवंत श्रद्धा हवी, सर्व धर्मांविषयी सारखा आदर हवा, हे तर त्यात आहेच. पण एक अट फार व्यवहाराची आहे : हे काम त्या त्या ठिकाणच्या माणसांनीच करावे. दंगा पेटल्यावर धावून येणाऱ्या परक्यापेक्षा, दंग्याच्या आधीपासून गल्लीत ज्याची ऊठबस आहे असा माणूस अधिक उपयोगी. पुढे १९४९ च्या डिसेंबरात जगातल्या युद्धविरोधी मंडळींची परिषद शांतिनिकेतनात आणि मग येथे सेवाग्रामला भरली, आणि १९५७ मध्ये विनोबांनी केरळात शांतिसेना उभी केली. ह्या सेनेजवळ बंदूक नव्हती.

आता जादोव्हिलला ही कसोटी लावून पाहा. दीडशे तरुण, गावाशी ओळख नाही, गावाची भाषा येत नाही, ज्यांच्या रक्षणासाठी आले त्यांना ते नको आहेत. बंदूक चालवावी लागणार हे पहिल्याच दिवशी ठरून गेले होते. दोष त्या पोरांचा नाही. ज्यांनी त्यांना तेथे नेऊन ठेवले त्यांचा. ती धैर्याने लढली आणि शहाणपणाने थांबली. पण शांतिसेनेचे काम तेथे सुरू होण्याआधीच संपले होते. चित्रपट जेथून सुरू होतो, तेथून पुढे फक्त युद्धच उरले होते.

ह्याच्याशेजारी दुसरी एक हकीकत ठेवावीशी वाटते. ती आपल्या मराठी माणसाची आहे. कोल्हापूर भागातल्या वडगावचे शंकरराव थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल झाले, ते १९५३ साली मेजर जनरल होते. कोरियाचे युद्ध जुलै १९५३ मध्ये थांबले, पण बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन कैदी असे निघाले की जे मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायचे कोणी? दोन्ही पक्षांना चालेल असा देश भारत. निर्णय घेणाऱ्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर देखरेख करणाऱ्या हिंदी फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी तर हिंदी शिपायाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असे बजावले होते; म्हणून बंदरातून उतरलेल्या आपल्या जवानांना हेलिकॉप्टरांत बसवून थेट मधल्या निःशस्त्र पट्ट्यात नेऊन सोडावे लागले. तेथे त्यांनी जी छावणी उभारली तिचे नाव 'हिंदनगर'.

२५ सप्टेंबर १९५३ रोजी एका कुंपणातल्या चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल ह्या हिंदी अधिकाऱ्याला आत ओढून धरून ठेवले. कुंपणाबाहेर आपले सशस्त्र जवान, आत खवळलेले शेकडो कैदी. बाहेरून गोळी चालली असती तर ग्रेवाल वाचले नसते आणि कैद्यांचा तर खच पडला असता. थोरात थोड्या सहकाऱ्यांसह त्या कुंपणात शिरले. म्हणजे आता तेही वेढ्यात सापडले. तेथे त्यांनी केले काय? कैद्यांना दरडावले खरे, पण दरडावले ते यजमानाला पाहुण्याने दरडावावे तसे. घरी पाहुणा आला आणि तुम्ही साधी सिगारेट पुढे करीत नाही, चहा विचारीत नाही, ही कुठली रीत? चिनी माणूस तर आतिथ्यासाठी प्रसिद्ध! घोळका क्षणभर चकित झाला, मग ओशाळला. सिगारेट आली, चहा आला. आणि थोड्या वेळाने ग्रेवाल ह्यांना घेऊन थोरात बाहेर पडले. एक गोळी सुटली नाही.

हीही गोष्ट तटाच्या आतूनच सांगितलेली, हे विसरू नये. ती थोरातांनी स्वतः सांगितली आहे. आणि तिच्या पुढचे पानही वाचले पाहिजे : आठवडाही झाला नाही तोच, ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत, कैद्यांच्या दंगलीत हिंदी जवानांना गोळीबार करावाच लागला आणि काही कैदी ठार झाले. चहाने रोज काम भागत नाही. पण जे एकदा भागले ते खरे होते, आणि त्याबद्दल थोरातांना अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला. कटांगात डिसेंबर १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ह्यांनी मूठभर गोरख्यांनिशी मोठ्या संख्येच्या शत्रूवर झेप घेतली आणि देह ठेवला. त्यांना परमवीरचक्र मिळाले. राष्ट्रसंघाच्या कामगिरीवर मिळालेले ते एकमेव परमवीरचक्र. सलारियांची गोष्ट मुलांना चटकन समजते. थोरातांची समजावून सांगावी लागते.

तिच्यावर चित्रपट का निघू नये? निर्मात्याला विचारा, तो म्हणेल, ह्यात बंदूक कुठे उडते? खरे आहे. पण अडचण बंदुकीची नसून दुसरीच आहे असे मला वाटते. ह्या प्रसंगात समोरच्या घोळक्याला माणूस म्हणून दाखवल्यावाचून दिग्दर्शकाला एक पाऊलही पुढे जाता येणार नाही. सिगारेट पुढे करणारा तो पहिला कैदी कोण होता? त्याच्या मनात काय आले? त्याचा हात कापला काय? त्याला चेहरा द्यावा लागेल, घर द्यावे लागेल, रागाचे कारण द्यावे लागेल. जादोव्हिलच्या चित्रपटाला जे टाळता आले, ते येथे टाळता येणार नाही.

आमच्या शिक्षक बंधुभगिनींना येथे एक सुचवावेसे वाटते. मुलांना असे चित्रपट दाखवावेत, बंदी घालू नये. पोरे ते कुठे ना कुठे पाहणारच. दाखवून झाल्यावर फळ्यावर एक तट काढावा, आतल्यांची नावे मुलांकडून विचारून लिहावीत, आणि मग तटाबाहेर कोण कोण होते ते विचारावे. पन्हाळ्याला हे करता येते, कूतला करता येते, जादोव्हिललाही. बाहेरचा रकाना बहुधा रिकामा राहतो. तो भरायला पुस्तके धुंडाळावी लागतील. इतिहासाचा तास म्हणतात तो हाच.

कोरियातल्या त्या चिनी कैद्यांपैकी बहुतेक जण जानेवारी १९५४ मध्ये तैवानला गेले. तटस्थ देशात जायचे म्हणून कोरियन आणि चिनी मिळून ८८ जण हिंदी फौजेबरोबर भारतात आले, आणि त्यांतले बरेच पुढे दक्षिण अमेरिकेत स्थायिक झाले. कोरियाच्या एका प्रसिद्ध कादंबरीत अशाच एका कैद्याची कथा आहे. ती १९६० ची, चोई इन-हून ह्यांची, आणि तिच्यातला कैदी ज्या बोटीतून हिंदुस्थानकडे निघतो तिचे नाव लेखकाने 'टागोर' ठेवले आहे. जादोव्हिलचे नाव आता लिकासी आहे. लुफिरा नदी तशीच वाहते आहे.